नत्र एकच, मग फरक कशाने?

प्रश्न : निर्मळला आमच्या घरामागे लहानशी वाडी आहे. राजेळी आणि वेलची केळी, थोडा मोगरा, कडेला पानवेली. मामेभावाची भातशेती पूर्वेला पारोळच्या बाजूला आहे. मुलगी विरारला इमारतीच्या गच्चीवर कोकोपीटच्या पिशव्यांत टोमॅटो लावते. यंदा तिघांनी मिळून एकाच गोणीतला युरिया वाटून घेतला. भात आठवड्याभरात काळपट हिरवा झाला. केळीला आधी फरक दिसला, पण जुलैचा पाऊस कोसळला आणि पानं पुन्हा फिकट पडली. टोमॅटोची मात्र पानं आत वळली, कडा करपल्या, फळांच्या बुडाला काळे डाग आले. खतवाला म्हणतो, कुंडीला युरिया नको, नायट्रेटवालं खत द्या. नत्र ते नत्रच ना? केळीला दिलेलं गेलं कुठे? आणि ते जर जमिनीत उतरत असेल, तर आम्ही विहिरीचं पाणी पितो त्याचं काय?
– एक वाचक, निर्मळ (वसई)

उत्तर : खतवाल्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुमचा प्रश्नही नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. नत्र एकच, पण मुळापाशी ते कुठल्या रूपात पोहोचतं त्यावर पीक वेगळं वागतं. तुम्ही तिघांनी दिला युरिया. प्रत्यक्षात मामेभावाच्या भाताला मिळालं अमोनियम. तुमच्या केळीला मिळालं बहुतेक नायट्रेट, आणि त्यातलं बरंचसं पावसाने नेलं. मुलीच्या टोमॅटोवर पडला अमोनियमचा भार, जो त्याला पेलवला नाही. गोणी तीच होती. वेगळी होती ती मुळांभोवतीची हवा आणि पाणी.

आधी युरियाचा प्रवास पाहू. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो. झाड युरिया थोडाफार जसाच्या तसा घेऊ शकतं, पण मातीत तो तेवढा वेळ टिकतच नाही. मातीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे त्याचा अमोनिया होतो आणि ओलाव्यात मिसळून अमोनियम. पावसाळ्यातल्या उबदार मातीत हे दोन-तीन दिवसांत उरकतं. पुढचं काम जिवाणूंचं. एक गट अमोनियमचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू वेगळे काढून दाखवले ते १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने. या दोन्ही गटांना हवा लागते. भुसभुशीत, ओलसर, उबदार जमिनीत दोन-तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियमचं नायट्रेट होऊन जातं. जिथे हवा नाही तिथे ही साखळी अमोनियमवरच थांबते.

आता दोघांच्या स्वभावातला फरक. अमोनियमवर धनभार असतो. चिकणमातीचे कण ऋणभारित, म्हणून ते त्याला धरून ठेवतात. नायट्रेटवर ऋणभार, त्यामुळे माती त्याला धरत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जातं. खुद्द युरियावर कुठलाच भार नसतो, म्हणून खत टाकल्या टाकल्या मोठी सर आली तर तोही पाण्याबरोबर निघून जातो. शिवाय पाणथळ, हवा नसलेल्या थरात नायट्रेट पोहोचलं, की दुसरेच जिवाणू प्राणवायूऐवजी त्याच्यावर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. त्यातला थोडा नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरतो, म्हणजे नुकसान शेतकऱ्याचंही आणि हवेचंही.

वसईत हे सगळं एका तालुक्यात पाहायला मिळतं. निर्मळ, नाळे, वाघोली, भुईगाव, अर्नाळा हा पश्चिमेचा पट्टा वाळूमिश्रित. पाणी झिरपतं, मुळांना हवा मिळते, म्हणून तर इथे केळी, पानवेली आणि फुलांच्या वाड्या झाल्या. रेल्वे ओलांडून पूर्वेला गेलं की तानसेच्या बाजूला भारी माती, बांध घातलेली खाचरं आणि चार महिने साचलेलं पाणी. अशा दोन जमिनींत नत्राचं वागणं सारखं असेल तरच नवल.

झाडाच्या आत काय होतं तेही समजून घ्यायला हवं, कारण टोमॅटोचं दुखणं तिथलं आहे. नायट्रेट मुळाने घेतलं तरी त्याचा लगेच उपयोग नसतो. आधी झाडाला त्याचं अमोनियम करावं लागतं आणि त्यासाठी ऊर्जा खर्ची पडते. बऱ्याच पिकांत हे काम पानांत, उन्हाच्या बळावर होतं, आणि त्यासाठीच्या विकराला मॉलिब्डेनम लागतं. अमोनियमला हा खर्च नाही. मग अमोनियमच बरं, असं वाटेल. पण अमोनियम पेशीत साठवून ठेवता येत नाही. साचलं तर विषारी ठरतं. मुळात आल्याबरोबर त्याला साखरेपासून बनलेल्या कार्बनच्या सांगाड्यात बसवून त्याचं ग्लुटामाइन करावंच लागतं. नायट्रेट म्हणजे कणगीतलं भात, हवं तेव्हा काढून कांडावं. अमोनियम म्हणजे शिजवलेला भात, आत्ताच्या आत्ता संपवायला हवा. आणि तो संपवायला मुळांकडे साखर आणि प्राणवायू दोन्ही पाहिजेत.

याला आणखी एक जोड आहे. मूळ धनभारित अमोनियम आत घेतं तेव्हा हिशेब जुळवायला आम्ल बाहेर सोडतं. नायट्रेट घेतं तेव्हा उलट. म्हणून अमोनियमवर वाढणाऱ्या मुळांभोवतीची माती आंबट होत जाते, नायट्रेटवर वाढणाऱ्यांची आम्लता कमी होते. शिवाय अमोनियम हे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅश यांच्याशी मुळाच्या दारातच स्पर्धा करतं.

गच्चीवरचा टोमॅटो या कसोटीवर पाहा. नव्या कोकोपीटमध्ये नायट्रेट करणारे जिवाणू फारसे नसतात, म्हणून युरियाचं अमोनियम होतं आणि तिथेच अडकून राहतं. दुपारी पिशवी तापते. तापलेल्या मुळांचा श्वास वाढतो, साखर लवकर संपते, गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. अमोनियम पचवायची ताकद नेमकी याच वेळी घटलेली असते. फळाच्या बुडाचे काळे डाग हा रोग नव्हे. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याची ती खूण. अमोनियम कॅल्शियमची वाट अडवतं आणि कोकोपीटही कॅल्शियम स्वतःकडे ओढून पोटॅश आणि सोडियम सोडतं. दोन्हीकडून फळ उपाशी. पाणी कधी भरपूर, कधी नाही, असं झालं तर डाग आणखी वाढतात.

म्हणून मुलीला सांगा, युरिया थांबवा. दोन-तीन वेळा साधं पाणी भरपूर घालून ते खालून वाहू द्या. मग कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम या बेताने आठवड्याला एकदा द्या. हे खत फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खताबरोबर एकाच बादलीत कालवू नका, तळाला चुन्यासारखा साका बसतो. त्यांचे दिवस वेगळे ठेवा. डाग पडलेली फळं सुधारणार नाहीत, ती काढून टाका. नवी फळं चांगली येतील.

पण केवळ नायट्रेटवरही झाडं आनंदात नसतात. मुळांभोवती आम्लता कमी होत गेली की लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीविना शेती करणारे द्रावणात बहुतांश नत्र नायट्रेटचं ठेवतात आणि दहा-वीस टक्के अमोनियमचं, ते यासाठीच. थोड्या अमोनियमने झाड उलट जोमाने वाढतं. तुमच्या वाडीत मोगऱ्याची किंवा चाफ्याची कोवळी पानं अशी जाळीदार पिवळी दिसत असतील आणि मातीत शिंपल्यांचा चुरा असेल, तर तिथे थोडं अमोनियम सल्फेट गुण देतं. त्यात २०.६ टक्के नत्र असतं, सगळं अमोनियमच्या रूपात, शिवाय गंधक.

आता भात. हा विषय मला जास्त सांगावासा वाटतो, कारण नत्राच्या रूपाचं महत्त्व आपल्या कोकणातल्या खाचरांइतकं दुसरीकडे क्वचित दिसतं.

चिखलणी करून पाणी साचवलं की जमिनीचे दोन थर पडतात. वरचा काही मिलिमीटरचा थर पाण्यातून उतरणाऱ्या प्राणवायूमुळे तांबूस राहतो. त्याखालचा चिखल राखाडी, बिनहवेचा. हाताने चिखल कापून पाहिलात तर रंगातला हा फरक डोळ्यांनी दिसेल. भाताच्या मुळांना या राखाडी थरात अमोनियम मिळतं आणि भाताला ते मानवतं. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून प्राणवायू खाली उतरतो आणि मुळाला श्वास मिळत राहतो. मुळाला लागून असलेल्या अगदी पातळ थरात तर थोडं नायट्रेटही तयार होतं आणि भात तेही उचलतो.

घोटाळा होतो तो युरिया वरून फोकून दिल्यावर. तो वरच्या पाण्यात आणि तांबूस थरात राहतो. उन्हं वर आली की पाण्यातलं शेवाळ कर्बवायू वापरतं, पाण्याचा सामू दुपारपर्यंत ९ च्या आसपास किंवा त्याहून वर चढतो आणि अमोनियम अमोनिया वायू होऊन उडून जातं. जे उरतं त्यातल्या काहीचं तांबूस थरात नायट्रेट होतं, ते खाली राखाडी थरात झिरपतं आणि तिथे वायू होऊन निसटतं. म्हणूनच फोकून दिलेल्या युरियातलं साधारण तीस-चाळीस टक्केच नत्र भाताला लाभतं. हे दोन थर आणि त्यांतून होणारी गळती जपानमध्ये शास्त्रज्ञ शिओइरी यांनी १९३० च्या दशकाअखेरीस उलगडून दाखवली, आणि उपायही तिथूनच स्पष्ट झाला : अमोनियमचं खत वर नको, खाली राखाडी थरात पुरा.

हे काम आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात आणून दिलं डॉ. नारायण सावंत यांनी. आंतरराष्ट्रीय खत संशोधनात काम केलेल्या या मराठी मृदाशास्त्रज्ञाने चारसूत्री भातशेती मांडली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख, लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा पाला चिखलात, नियंत्रित अंतरावर लावणी, आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. एक गोळी २.७ ग्रॅमची. त्यात युरिया तीन भाग, डीएपी दोन भाग. चुडांमध्ये आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं की चार चुडांचा १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो. त्याच्या मधोमध, लावणीच्याच दिवशी, ७ ते १० सेंटिमीटर खोल एक गोळी खोचायची. हेक्टरला ६२,५०० गोळ्या, वजन सुमारे १७० किलो. गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. यातून हेक्टरी मिळतं अठ्ठावन्न-एकोणसाठ किलो नत्र, तर सुधारित जातींना नेहमीच्या पद्धतीने १०० किलो देण्याची शिफारस आहे. गोळी खोल, बिनहवेच्या चिखलात असल्यामुळे तिचं अमोनियमच राहतं, चिकणमाती ते धरून ठेवते आणि चार चुडांची मुळं हळूहळू तिथे पोहोचतात. युरिया पुन्हा पुन्हा फोकण्याची गरज उरत नाही.

मामेभावाला हे नक्की सांगा. लावणीत मजूर जास्त लागतात, दोरी धरून अंतर राखावं लागतं, ही अडचण खरी आहे. पण पारोळसारख्या भारी जमिनीत ही पद्धत शोभते. निर्मळच्या वाळूत मात्र गोळी पुरू नका. जिथे पाणी सरळ खाली झिरपतं तिथे खोल पुरलेलं नत्र मुळांच्या आवाक्याबाहेरच जाईल. भाताच्या चिखलात नायट्रेटचं खतही देऊ नये, कारण राखाडी थरात ते वायू होऊन निसटतं. ट्रॉम्बेला १९६५ च्या सुमारास सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय केमिकल्सकडे असलेल्या कारखान्याचं सुफला १५:१५:१५ कोकणात घरोघर माहीत आहे. त्यातलं निम्मं नत्र अमोनियमचं, निम्मं नायट्रेटचं. वाडीला ते चांगलं, पण साचलेल्या पाण्यात त्यातल्या नायट्रेटचा बराच भाग हवेत जातो.

भात काळपट हिरवा झाला म्हणून आनंदून जाऊ नका. तो रंग नत्र जास्त झाल्याची खूण असू शकते. अशा भाताला करपा आणि कडाकरपा लवकर धरतो आणि पुढे तो लोळतो. आता आणखी युरिया नको.

भाताला अमोनियम देण्याची एक जुनी रीत म्हणजे राब, पालघर आणि ठाण्याकडच्या लोकांना तो ठाऊक असतो. शेण, पालापाचोळा, टहाळ्या रोपवाटिकेच्या जागी पसरून भाजायच्या आणि त्यावर भात पेरायचा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी थोडंच, १९०९ मध्ये, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी दाखवून दिलं होतं, की माती तापवली तर तिच्यात अमोनिया वाढतो. नायट्रेट करणारे जिवाणू उष्णतेने मरतात आणि हळूहळू परततात, तर अमोनिया तयार करणारे लवकर सावरतात. म्हणजे राबाची राख पोटॅश देते हे खरं, पण भाजलेल्या वाफ्यातलं रोप अमोनियमच्या बळावरही तरारतं. तणाचं बी जळतं, हा फायदा वेगळाच. तरीही मी राबाच्या बाजूने बोलणार नाही. जे शेण आणि जो पाला शेतात गेला असता त्यातलं नत्र भाजताना धुरातून उडून जातं आणि जंगलावर टहाळ्यांचा भार पडतो. तुसाची राख आणि गिरिपुष्पाचा पाला वापरून चारसूत्रीने हीच गरज कमी नुकसानीत भागवली, म्हणून ती मला अधिक पटते.

भातानंतर मामेभाऊ वाल टाकत असेल, तर त्याला मुळीच युरिया देऊ नका. वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेऊन अमोनियम बनवतात, आणि जमिनीत नायट्रेट भरपूर असलं की त्या गाठी धरतच नाहीत.

आता तुमची केळी. वाळूत हवा खेळती, म्हणून युरियाचं नायट्रेट लवकर झालं. केळीला ते आवडलंही, पानं हिरवी झाली ती त्यामुळेच. मग जुलैचा पाऊस आला. वसईत हंगामात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात असतात. नायट्रेट त्यांच्याखाली गेलं, संपलं. खत खराब नव्हतं. एका वेळी एवढं द्यायला नको होतं, आणि त्या दिवसांत तर नकोच.

महाराष्ट्रात केळीला झाडामागे २०० ग्रॅम नत्र आणि तेवढंच पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. दोनशे ग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरिया. वाळूच्या वाडीत हे आठ-नऊ हप्त्यांत, दर वेळी पन्नास ग्रॅमच्या आसपास, आळ्यात मातीआड करून द्यावं. संततधारेचे आठवडे टाळावेत आणि भाद्रपदानंतर हप्ते जवळजवळ घ्यावेत. खत टाकल्यावर हलकं पाणी द्या, म्हणजे ते मातीत उतरेल आणि अमोनिया वर उडणार नाही.

जुन्या वाडीकरांनी पेंडीवर भर दिला होता, आणि तो हुशारीचा होता. पेंडीतलं नत्र प्रथिनांत असतं. जिवाणू ते सावकाश सोडवतात; आधी अमोनियम, मग नायट्रेट. एरंडीच्या पेंडीत नत्र साधारण साडेचार टक्केच, पण ते आठवडेच्या आठवडे मिळत राहतं. पानवेलीसारख्या कोवळ्या पानांच्या वेलीला असा संथ पुरवठा हवा असतो. एकदम नत्र मिळालं की पानं मोठी पण पातळ होतात आणि टिकत नाहीत. सुक्या मासळीच्या खताचंही काम असंच चालतं. निंबोळी आणि करंजाच्या पेंडीत आणखी एक गुण आहे : त्यांतली द्रव्यं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात, त्यामुळे अमोनियम जास्त दिवस टिकतं. निंबोळीबद्दलचं हे काम दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९७० च्या सुमारास झालं आणि २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया नीमलेपित असतो. तरीही आपल्या पावसात त्याच्यावरच विसंबू नका. एक भाग युरिया आणि त्याच्या पाचपट करंज किंवा निंबोळीची पेंड आळ्यात मिसळून देण्याचा माझा आग्रह राहील. करंज तर आपल्या किनाऱ्याचंच झाड, त्याच्यासाठी कुणापुढे हात पसरायला नको.

दुकानात पिशवीवरचे आकडे वाचतानाही रूप विचारायला शिका. १३:०:४५ हे पोटॅशियम नायट्रेट, त्यातलं सगळं नत्र नायट्रेटचं. १२:६१:० मध्ये सगळं अमोनियमचं. डीएपीत बहुतेक अमोनियम. १९:१९:१९ हे फवारणीचं खत म्हणून सगळीकडे विकलं जातं. त्यातल्या १९ टक्के नत्रापैकी साडेदहा टक्क्यांपर्यंत युरियाचं असू शकतं, उरलेलं अमोनियम आणि नायट्रेट जवळपास निम्मं-निम्मं. म्हणजे तुमच्या मुलीने १९:१९:१९ आणून दिलं तरी कोकोपीटमध्ये पुन्हा तोच त्रास होऊ शकतो. पिशवीच्या मागे अमोनियम, नायट्रेट आणि युरियाचे आकडे वेगवेगळे छापलेले असतात. ते वाचूनच घ्या.

शेवटचा प्रश्न विहिरीचा, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. होय, केळीखालून गेलेलं नायट्रेट खालच्या पाण्यात मिसळतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात हे गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर आहे. विहिरी आणि बावखलं, म्हणजे वाड्यांतली छोटी तळी, त्यावरच जगतात. याच पाण्याच्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई चळवळीने आवाज उठवला होता. पाणी कमी होणं डोळ्यांना दिसतं. त्यात मिसळलेलं नायट्रेट दिसत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. त्याहून जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्यात कालवलेलं दूध धोक्याचं ठरतं. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडतं. नायट्रेट फक्त खतातून येतं असं नाही, शौचालयाच्या शोषखड्ड्यातूनही येतं, आणि वसईत घरं वाढली तशी विहीर आणि खड्डा यांतलं अंतर कमी झालं आहे.

तेव्हा पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास एकदा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा विहिरीच्या पाण्याचा नमुना सरकारी किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि अहवालात नायट्रेट मागून घ्या. नेहमीच्या तपासणीत तो आकडा असेलच असं नाही. ४५ च्या वर आला तर घरातल्या लहान बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी त्या विहिरीचं पाणी लगेच बंद करा. ते पाणी केळीला घालायला मात्र हरकत नाही. विहिरीच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर हजार लिटर पाण्यातून सुमारे दहा ग्रॅम नत्र वाडीला परत मिळतं. तेवढं युरियाच्या हप्त्यातून वजा करा.